घराचा शोध आणि मध्यस्थाचे कर्तव्य

म्हैसुरात निवृत्तीनंतर स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांना आम्ही मध्यस्थ मंडळी प्रथम चामुंडी टेकडी दिसणारी गच्ची दाखवतो. समाजसेवा म्हणून काही करावयाचे असेल, तर ते मात्र कागदपत्रे वाचून देण्यातच शक्य आहे.

येथे 1903 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड स्थापन झाले. आखीव वसाहतींची परंपरा जुनी आहे. तथापि शहराच्या कडेला बिनशेती परवानगीविना पाडलेले भूखंड, ज्यांना येथे ‘रेव्हेन्यू साइट’ म्हणतात, स्वस्तात मिळतात आणि भविष्यनिर्वाह निधीची पुंजी तेथे अडकते. बँक कर्जास नकार देते, तेव्हा तो नकार हीच सूचना समजावी.

बोजा दाखल्याविषयी थोडे अधिक. कर्नाटकात नमुना 16 म्हणजे मागितलेल्या कालावधीत एकही नोंद नाही, इतकेच. पाच वर्षांचा दाखला फारसे सांगत नाही. 30 वर्षांचा मागवावा. मूळ दस्त ठेवून घेतलेले कर्ज त्यात न दिसण्याचाही संभव असतो. त्यासाठी 2011 पासून असलेल्या सेरसाय नोंदवहीत शोध घ्यावा.

2016 च्या रेरा कायद्यान्वये नोंदणीपात्र प्रकल्पातील विक्रीसाठी मध्यस्थालाही नोंदणी बंधनकारक आहे. आमचा क्रमांक निःसंकोच विचारावा. मध्यंतरी एका निवृत्त शिक्षकांना व्यवहार मोडण्याचा सल्ला मी दिला. दलाली बुडाली, पण त्यांचे घर अद्याप मीच शोधतो आहे.