ज्या जामिनावर रक्कम लिहिलेली नसते

आरमोरीत जामीन म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पतसंस्थेचं कर्ज उचलायचं तर जामीनदार लागतो. तो चुलतभाऊ असतो, साळा असतो, नाहीतर शेजारच्या बांधीवाला. सही करताना चहा होतो, वसुलीची नोटीस आली की बोलणं बंद होतं. माझ्या वडिलांनी अशी एक सही केली होती. कर्ज घेणारा गाव सोडून गेला आणि बाबांनी तीन हंगामांचं धान विकून दुसऱ्याचं कर्ज फेडलं. पुढे कित्येक वर्षांनी मी अमेरिकेतून फोन करून सांगितलं, की तुमच्या आणि आईच्या ग्रीन कार्डाचे कागद करतोय, त्यात एका फॉर्मवर मी तुमचा जामीन राहणार आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "रक्कम किती लिवली हाये त्याच्यात?"

रक्कम लिहिलेली नव्हती. मुदतही नव्हती.

त्या प्रश्नानंतर मी न्यू जर्सी, टेक्सास आणि टोरोंटोकडच्या दहा-बारा मराठी घरांशी बोललो. सगळे पंधरा-वीस वर्षांपूर्वी आलेले. कुणी आईवडिलांना बोलावलं, कुणी सासूबाईंना, कुणी लग्नाच्या बायकोला. मंडळाच्या गणपतीत कुणी पैशाचं बोलत नाही. घरी, जेवणं झाल्यावर, मुलं झोपल्यावर बोलले. गडचिरोली-चंद्रपूरकडून नुकतेच आलेल्यांना त्यातलं जे कामाचं आहे ते इथे मांडतो. हे वाचून वकील टळणार नाही. वकिलाला काय विचारायचं ते कळेल.

अमेरिकेतल्या त्या फॉर्मचं नाव आय-८६४. पूर्वीही प्रायोजकाचं हमीपत्र असे, पण कोर्टात ते सहसा टिकत नसे. १९९६च्या कायद्याने त्याचा पक्का करार केला आणि डिसेंबर १९९७पासून तोच लागू आहे. सही करणारा लिहून देतो, की आलेल्या माणसाला मी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही. घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि येणारे दोघं असे सहा जण धरले तर २०२५च्या तक्त्याने हा आकडा वर्षाला सुमारे ५३,९०० डॉलर होतो. आधी कुणाला बोलावलं असेल आणि ती जबाबदारी संपली नसेल तर तोही डोक्यांत मोजायचा. पगारदार इंजिनियरला हा आकडा किरकोळ वाटतो, आणि तो पाहूनच बहुतेक जण पुढचं न वाचता सही करतात.

वाचायचं ते पुढेच आहे. ही जबाबदारी कधी संपते? आलेला माणूस अमेरिकेचा नागरिक झाला. किंवा त्याच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं जमा झाली. किंवा ग्रीन कार्ड सोडून तो कायमचा परत गेला. किंवा दोघांपैकी एक वारला. साधारण एवढंच. नोकरी गेली हे कारण त्यात नाही. भांडण झालं हेही नाही. आता आपल्याकडचे आईवडील पाहा. सत्तरीतला बाप इथे दहा वर्षं नोकरी करणार नाही. नागरिकत्वाचा अर्ज साधारण पाच वर्षांनी करता येतो, पण परीक्षा इंग्रजीत. पंचावन्नच्या पुढचा माणूस ग्रीन कार्डावर १५ वर्षं राहिला असेल तरच त्याला मुलाखत स्वतःच्या भाषेत देता येते. वैद्यकीय कारणाने मिळणारी सूट वेगळी. ज्या आजीने आयुष्यभर झाडीबोलीत व्यवहार केला, तिच्यासाठी तुमची सही तिच्या अखेरपर्यंतची आहे असंच धरून चाला.

घटस्फोटानेही ती सुटत नाही, हे ऐकून ह्यूस्टनकडचे एक काका अजून विश्वास ठेवत नाहीत. २०१२ साली सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. घटस्फोटित नवऱ्याचं म्हणणं, की बायको काम शोधत नाही, मग मी का पोसू? न्यायालयाने सांगितलं, की तिने काम शोधलंच पाहिजे अशी अट या करारात नाही. लग्न ठरवताना हुंड्याचं, मानपानाचं तासन् तास बोलणारे आपण. या सहीबद्दल मात्र दोन्हीकडचे एक शब्द बोलत नाहीत. मुलगी ग्रीन कार्डवाल्याला किंवा सिटिझनला देत असाल तर या करारावर तिचा स्वतःचा हक्क असतो, हे तिच्या बापालाही ठाऊक असू द्या.

उत्पन्न कमी पडलं तर दुसरा कुणी संयुक्त प्रायोजक होऊ शकतो. सगळ्यात जास्त मैत्र्या इथे मोडल्या, यावर सगळ्या घरांचं एकमत होतं. मित्राला वाटतं आपण नुसतं नाव देतोय, साक्षीदारासारखं. साक्षीदार नाही, तो पूर्ण जामीनदार आहे, त्याच शर्तींवर. एच-वन-बीवर असाल आणि कुणी विचारलंच तर सांगायला सोपं आहे: ही सही नागरिक किंवा ग्रीन कार्डवालाच करू शकतो. ग्रीन कार्ड आल्यानंतर मात्र "नाही" म्हणण्याची तयारी ठेवा. एका ताईंनी मैत्रिणीला सरळ सांगितलं, "दहा हजार डॉलर उसने माग, देईन, बुडाले तर बुडाले म्हणेन. ही सही मागू नको." मैत्रीण वर्षभर रुसली. तरी ताईंचं मला पटतं. उसन्याला निदान आकडा असतो.

दवाखान्याचा खर्च हा या करारात कुठेच लिहिलेला नाही, आणि घरं त्याच्याखालीच वाकतात. आईवडील नोकरीच्या विम्यात सहसा बसत नाहीत. मेडिकेड आणि अन्नाची सरकारी मदत बहुतेक नव्या ग्रीन कार्डवाल्यांना पहिली पाच वर्षं मिळत नाही. नंतर मागितली तरी तुमचं उत्पन्न त्यांच्या उत्पन्नात धरलं जाऊ शकतं. पासष्टीपुढच्यांना पाच वर्षं सलग राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं, आणि विकत म्हणजे खरोखरच विकत: कामाच्या तिमाह्या नसतील तर २०२५च्या दराने भाग अ महिन्याला ५१८ डॉलर आणि भाग ब १८५. दोघांचे मिळून चौदाशेच्या वर. मुलाने भरलेला कर आईबापाच्या खात्यावर चढत नाही. पहिल्या पाच वर्षांत बाजारातला विमा काढावा लागतो. आपल्या राज्यातला त्याचा हप्ता तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर नाही.

आता झाडीपट्टीतल्यांसाठी खास. आपल्या घरच्यांकडे शेअर नसतात, बांधी असते. फॉर्ममध्ये उत्पन्नाऐवजी मालमत्ता दाखवायची सोय आहे, म्हणून कित्येक जण उत्साहाने सात-बारा काढायला तलाठ्याकडे जातात. पण ती मालमत्ता वर्षभरात रोख होऊन देशाबाहेर आणता यायला हवी, आणि आईवडिलांच्या बाबतीत तुटीच्या पाचपट किमतीची हवी. वैनगंगेकाठची धानाची बांधी वर्षात विकणं किती जणांना जमलंय? जमीन भोगवटादार वर्ग-२ असेल तर आधी परवानगी. आदिवासी खातेदाराची असेल तर कायदा आणखी कडक, आणि तो असायलाच हवा. विकलीच तर पैसा बाहेर न्यायलाही नियम आहेत: निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा. आकडा मोठा आहे, पण बँकेचे कागद आणि कर यांत महिने जातात. सात-बारा फ्रेम करून भिंतीवर लावा, फॉर्मला जोडू नका.

याच बांधीचा दुसरा पेच कुणीच सांगत नाही. भारतात शेतीचं उत्पन्न करमुक्त. ग्रीन कार्ड घेतलं की मात्र माणूस अमेरिकेच्या हिशेबात जगभरच्या उत्पन्नावर करपात्र होतो, आणि त्यात धानाचा पैसाही आला, ठेवींवरचं व्याजही आलं. कर प्रत्यक्षात थोडाच किंवा शून्य निघेल. विवरणपत्र मात्र भरावं लागतं. शिवाय भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही दहा हजार डॉलरवर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते, आणि न दिल्याचा दंड जबर आहे. आपल्याकडच्या निवृत्त मास्तरांच्या ठेवी एवढ्या सहज असतात: थोड्या जिल्हा बँकेत, थोड्या पोस्टात, थोड्या आईच्या नावे. एका घरात वडिलांनी चार खात्यांची पासबुकं तांदळाच्या कोठीत ठेवून प्रवास केला होता. मुलाला ते वडील आल्यावर आठव्या वर्षी कळलं. ज्या वर्षी कार्ड होईल त्या वर्षीच सगळी पासबुकं टेबलावर मांडा, अगदी बंद पडलेलंही.

कॅनडाकडचे लोक आपल्याला हसतात, की आमच्याकडे निदान मुदत तरी लिहिलेली आहे. नवरा-बायकोसाठी तीन वर्षं, आईवडिलांसाठी वीस, क्यूबेकमध्ये दहा. तरी वीस वर्षं म्हणजे काय ते हिशेबाने बघा: बाप ६५चा आला तर तो ८५चा होईपर्यंत, आणि तुम्ही चाळीसचे असाल तर स्वतः साठीचे होईपर्यंत. दरम्यान त्यांनी सामाजिक मदत घेतली तर ती तुमच्याकडून वसूल होते. ओंटारियोतल्या आठ प्रायोजकांनी याविरुद्ध दाद मागितली होती आणि प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०११च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की सरकार परिस्थिती पाहून वसुली पुढे ढकलू शकतं, कर्ज माफ मात्र करता येत नाही.

म्हणून तिथल्या बऱ्याच घरांनी सुपर व्हिसाचा रस्ता धरला. २०११च्या अखेरीस तो सुरू झाला आणि जुलै २०२२पासून एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा आधी घ्यावा लागतो आणि मुलाचं उत्पन्न दाखवावं लागतं. वीस वर्षांची हमी मात्र द्यावी लागत नाही. माझं मत विचाराल तर शेती ज्यांची अजून चालू आहे, त्यांच्यासाठी हाच प्रकार बरा. बाबा रोवणीला गावात आणि थंडी पडायच्या आधीही गावात. अमेरिकेत असा व्हिसा नाही. पाहुण्याच्या व्हिसावर सहसा सहा महिने. तेवढे पुरतात का, हे आधी एक-दोनदा बोलावून पाहा. तिथे लागलं तर द्यायचं आय-१३४ हे हमीपत्र वेगळं आहे, ते आय-८६४सारखा करार नव्हे. दोघांत गल्लत करून घाबरू नका, आणि गल्लत करून निर्धास्तही होऊ नका.

भावंडांचं बोलणं या सगळ्याच्या आधी यायला हवं होतं, पण घराघरांत ते शेवटीच होतं. नेहमीचा प्रकार असा: अमेरिकेतला मुलगा सही करतो, आणि "आता तोच सांभाळणार" म्हणून आईबाप निघण्याआधी शेत आणि घर गावातल्या भावाच्या नावे बक्षीसपत्राने करून देतात. दोन हिवाळे काढून बाबा म्हणतात, मला परत जायचंय. जातात कुठे? घर भावाचं, वहिनी म्हणते तुम्ही तर तिकडचे झाले. इकडे कार्ड सोडलेलं नसतं, म्हणून मुलाची हमी चालूच. बक्षीसपत्र करायचंच असेल तर आईवडिलांना सांभाळण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्या. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडली तर ते हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतं. भावाला राग येईल. येऊ द्या. वडसा स्टेशनवर निरोप देताना रडण्यापेक्षा तलाठ्यापुढे भांडलेलं बरं. आणि बहिणीला या बैठकीतून वगळू नका. आई आजारी पडली की पहिला फोन तिलाच जातो.

बाबा कायमचे परतले तर ग्रीन कार्ड रीतसर परत करण्याचा फॉर्म आय-४०७ आहे. कार्ड कपाटात पडून राहिलं म्हणजे सुटलं असं नाही. घर बदललं तर प्रायोजकाने आपला नवा पत्ता तीस दिवसांत वेगळ्या फॉर्मवर, आय-८६५वर, कळवायचा असतो. मी बोललेल्या घरांपैकी हे फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातल्या एकाने प्रत्यक्षात कळवलेलं नव्हतं. सही केलेल्या आय-८६४ची पूर्ण प्रत, सगळी पानं, जपून ठेवा. एक मला पाठवलीत तरी चालेल. बाबांना अजून तो फॉर्म ओळ न् ओळ वाचून हवा आहे, आणि माझा अर्धा भरलेला त्यांना पुरत नाही.