बंद कारखान्यातील सभागृह : तीन हिशेब

माळव्यातील धार व देवास ही पूर्वीची पवार घराण्याची संस्थाने. आज देवासचे औद्योगिक क्षेत्र आणि धार जिल्ह्यातील पीथमपूर ही तेथील प्रमुख उद्योगकेंद्रे होत. कारखाने जसे उभे राहतात, तसे कालांतराने त्यांतील काही बंदही पडतात. अशा रिकाम्या आवारांचा एक उपयोग अलीकडे देशोदेशी होऊ लागला आहे. तो म्हणजे तंत्रज्ञानविषयक परिषदा व प्रदर्शने यांसाठी कायम स्वरूपाचे स्थळ निर्माण करणे.

कारखान्याची रचना या कामास सोयीची असते. छत उंच, खांब विरळ, जमीन अवजड यंत्रांचा भार पेलणारी, वीजपुरवठा मोठ्या क्षमतेचा आणि मालमोटारी थेट दारापर्यंत नेणारा रस्ता. इटलीतील तुरिन शहरी फियाट कंपनीचा लिंगोटो कारखाना १९२३ साली सुरू झाला. मोटारींच्या चाचणीची धावपट्टी त्याच्या छपरावरच होती. १९८२ साली तो बंद झाल्यावर वास्तुविशारद रेन्झो पियानो यांच्या आराखड्यानुसार तेथे प्रदर्शन-दालने व सभागृह झाले. मुंबईत गोरेगाव येथील नेस्कोचे आवार मूळचे अभियांत्रिकी कारखान्याचे. पुढे ते प्रदर्शन-केंद्र म्हणून प्रसिद्धीस आले, आणि २०२० च्या साथीत तेथेच कोविड रुग्णांची तात्पुरती उपचार-व्यवस्था करण्यात आली. मोठी मोकळी जागा समाजाच्या किती प्रकारे उपयोगी पडते, हे यावरून दिसून येते.

तथापि इमारत रिकामी आहे एवढ्यावरून ती वापरण्यायोग्य ठरत नाही. त्यापूर्वी तीन हिशेब पुरे करावे लागतात.

इमारतीचा हिशेब

कापड गिरण्यांचे छप्पर पुष्कळदा करवतीच्या दात्यांसारखे असते. त्याच्या काचा उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे ऊन आत न येता सारखा उजेड मिळतो. सुताच्या कामास हा उजेड उपकारक, परंतु पडद्यावर चित्रे दाखविताना तो अडथळा ठरतो. पत्रे व विटांच्या भिंती यांमुळे आवाज घुमतो व वक्त्याचे शब्द नीट ऐकू येत नाहीत. या दोन्ही उणिवा पडदे व ध्वनिशोषक आच्छादने यांनी दूर करता येतात. खरी कसोटी माणसांच्या सुरक्षिततेची. जेथे शंभर कामगार पाळीवर येत, तेथे एका वेळी हजारो लोक जमतात. बाहेर पडण्याचे मार्ग, जिने व अग्निशमनाची साधने त्या मानाने वाढवावी लागतात. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचे प्राण गेले. जुन्या गिरणीच्या आवाराला नवा उपयोग देताना हा धडा विसरता येणार नाही.

जमिनीचा हिशेब

यंत्रे हलविली तरी तेल, आम्ले, रंग व धातूंचे कण मातीत मुरलेले असतात. भोपाळची वायुदुर्घटना २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री घडली. त्या कारखान्यातील साठून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूर येथे आणण्यात आला. तेथील रहिवाशांनी त्यास विरोध केला. अखेर न्यायालयीन देखरेखीखाली जून २०२५ अखेर तो जाळण्यात आला. एका आवाराचा न मिटलेला हिशेब चाळीस वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्याच्या दाराशी येऊ शकतो, हे धारच्या रहिवाशांस वेगळे सांगावयास नको. म्हणून माती व विहिरींचे पाणी यांची तपासणी प्रथम, रंगरंगोटी नंतर, हाच क्रम योग्य होय.

कामगारांचा हिशेब

मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागा, सार्वजनिक घरबांधणी व मालक यांच्यासाठी ठरविला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. धार व देवास यांच्या मध्ये वसलेल्या इंदूरची हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये देण्याची व्यवस्था झाली ती २५ डिसेंबर २०२३ रोजी. मधल्या तीस वर्षांत अनेक कामगार ही रक्कम न पाहताच निवर्तले.

ग्रामपंचायती, महसूल अधिकारी व शिक्षक यांना यातून एक साधा नियम घेता येईल. बंद कारखान्याच्या नव्या उपयोगाचा प्रस्ताव पुढे आला की तीन कागद मागावेत : इमारतीच्या मजबुतीचा व अग्निसुरक्षेचा दाखला, माती-पाण्याचा तपासणी-अहवाल आणि कामगारांच्या देण्यांचा ताळेबंद. हे तीनही कागद पुरे असतील, तर जुन्या छपराखाली भरणारी नव्या ज्ञानाची सभा गावालाही आपली वाटेल. त्या आवारात ज्यांनी घाम गाळला, त्यांच्या मुलांना तेथे श्रोते म्हणून, शिकाऊ उमेदवार म्हणून व पुढे वक्ते म्हणून प्रवेश मिळणे, हीच त्या रूपांतराची खरी सफलता होय.