जुलाबाने उतरते ते पाणी

वजन घटावे म्हणून जुलाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा हिशेब मुळातच चुकतो. अन्नातले उष्मांक बहुतेक लहान आतड्यातच शोषले जातात. बिसाकोडिल किंवा सोनामुखीचा जोर चालतो तो त्यापुढे, मोठ्या आतड्यावर. अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी १९८३ मध्ये हे मोजून पाहिले, तेव्हा चार ते सहा लिटर जुलाब होऊनही खाल्लेल्यापैकी जेमतेम १२ टक्के उष्मांक वाया गेले. काटा खाली येतो तो पाणी गेल्यामुळे, आणि त्याबरोबर पोटॅशियमही जाते. ‘सोनामुखी तर वनस्पती आहे’ हा युक्तिवाद फोल आहे. आतड्याला डबीवरचे लेबल वाचता येत नाही.

एवढे समजावले की सवय सुटेल? सहसा सुटत नाही, आणि घरचे त्याला हट्ट म्हणतात. सतत पाणी गमावलेले शरीर मीठ-पाणी धरून ठेवू लागलेले असते. गोळ्या थांबल्या की काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, पावले सुजतात, नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडतो, वजन चढते. ज्या भीतीपोटी गोळी घेतली ती खरी ठरल्यासारखी वाटते आणि हात पुन्हा पाकिटाकडे जातो. म्हणून वर्तनोपचाराचा सगळा भर याच दिवसांवर हवा, असे माझे मत आहे. सूज येणार आणि ती उतरणार, हे आधीच सांगावे. वजन रोज न बघता आठवड्यातून एकदा, थेरपिस्टसमोर करावे. तीन जेवणे आणि मधले खाणे ठरल्या वेळी व्हावे, कारण उपासमारीतूनच बकाबका खाणे आणि मग गोळी, हे चक्र फिरते. गोळीची ओढ लागली ती वेळ आणि तेव्हाचा विचार वहीत टिपावा. ओढ चढते आणि गोळी न घेताही ओसरते, हे रुग्णाने स्वतः अनुभवावे लागते. डॉक्टरांच्या शब्दावर ते पटत नाही.

‘गोळीशिवाय पोटच साफ होत नाही’ ही तक्रार मात्र खोटी नसते. मंदावलेले आतडे पूर्वपदावर यायला काही आठवडे लागू शकतात. तोवर पुरेसे जेवण, पाणी आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले सौम्य औषध पुरते. आठवड्यातून तीनदा शौचाला होणेही सामान्यच, पण आपल्या घरांत रोजच्या ‘पोट साफ’चा धाक फार. पालकांनी गोळ्यांचा साठा घराबाहेर काढावा, पण बाथरूमबाहेर पहारा देऊ नये. त्याने लपवाछपवीच वाढते. गोळ्या बंद करण्याआधी रक्तातले सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घ्या. छातीत धडधड, भोवळ किंवा हातापायांत अशक्तपणा असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा. आणि सूज उतरावी म्हणून मनानेच लघवीची गोळी घेऊ नका. तिने पोटॅशियम आणखी घसरू शकते.