एकाला वाढवायचा की सगळ्यांना? पगाराची फोड फौजेकडून शिकूया

वही-पेन घेऊन बसा, आज आकडेमोड आहे.

एटापल्लीच्या एका ताईंचा फोन आला होता. छोटी राईस मिल, एक ट्रॅक्टर, आठ माणसं. त्या म्हणाल्या, "सर, सूरजागडच्या खाणीमुळे इकडे ट्रकवाल्यांना मागणी आहे. आमचा ड्रायव्हर म्हणतो, चार हजार वाढवा, नाहीतर चाललो. त्याला एकट्याला दिले तर बाकीचे सात जण तोंड फुगवतील. सगळ्यांनाच दोन-दोन हजार वाढवून देऊ का?"

हिशोब करा. ८ गुणिले २,००० म्हणजे महिन्याला १६,०००, वर्षाला १,९२,०००. आणि ड्रायव्हर तरीही जाणारच, कारण त्याला हवेत चार!

हा पेच लढाईच्या काळात प्रत्येक फौजेला पडतो. कसबी माणूस टिकवायचा, पण सगळ्यांचा पगार फुगवायचा नाही. शिवाजी महाराजांच्या फौजेचे दर सभासदाच्या बखरीत आहेत. पायदळाच्या जुमलेदाराला वर्षाला १०० होन आणि घोडदळाच्या जुमलेदाराला ५०० होन, वर पालखी. आता गंमत बघा. दोघांच्या हाताखालची माणसं जवळपास सारखीच, शंभर-सव्वाशे. मग पाचपट का? बखर कारण देत नाही, पण माझ्या मते उत्तर तबेल्यात आहे. सव्वाशे माणसांबरोबर सव्वाशे घोडेही त्याच्या जबाबदारीवर. म्हणजे पगार नुसती डोकी मोजून ठरत नव्हता. आणि दर २५ घोड्यांमागे एक पखालवाला अन् एक नालबंद ठरलेला. घोड्याचा नाल निखळला तर स्वार काय कामाचा?

दुसरी गोष्ट बारगीर आणि शिलेदार यांची. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. त्यामुळे शिलेदाराचा दर जास्त. तुमच्याकडे कोणी स्वतःची मोटारसायकल घेऊन वसुलीला जातो का? मग तो शिलेदार आहे, त्याला बारगिराचा पगार देऊ नका.

आता आजच्या लष्कराकडे या. सातव्या वेतन आयोगात शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं. त्यावर लष्करी सेवेचे ५,२०० वेगळे (अधिकाऱ्यांना १५,५००). तांत्रिक डिप्लोमावाल्या जवानाला कसबाचे ६,२०० आणखी वेगळे. आणि सियाचीनवर नेमणूक झाली की २०१७ च्या निर्णयाप्रमाणे जवानाला महिना ३०,००० आणि अधिकाऱ्याला ४२,५०० भत्ता. नव्या शिपायाचा भत्ता मूळ पगारापेक्षा मोठा! पण तो सियाचीनवरून खाली उतरला की भत्ता बंद. मूळ पगाराला हात लागत नाही, आणि खालच्या छावणीतला जवानही "मला का नाही" म्हणत नाही, कारण पैसे कशाचे ते चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

ताईंना मी हेच करायला लावलं. ड्रायव्हरचे ११,००० मूळ, तेवढेच राहिले. ट्रॅक्टरची किरकोळ दुरुस्ती तो स्वतः करतो, त्याचे २,००० कसबाचे. पावसाळ्यात नाले भरले असताना आतल्या गावांच्या फेऱ्या होतात, त्याचे फेरीला १५० रुपये. महिन्याला १४ फेऱ्या धरल्या तर २,१००. म्हणजे पावसाळ्यात १५,१००, एरवी १३,०००. वर्षाचा जादा खर्च: २४,००० अधिक चार महिन्यांचे ८,४००, एकूण ३२,४००. कुठे १,९२,००० आणि कुठे हे!

बाकीच्या सातांना ताईंनी सरळ सांगितलं, मिलचा रबर रोल बदलायला जो शिकेल त्याला महिना १,००० कसबाचे. दोघं दुसऱ्याच दिवशी पुढे आले.

एक काळजी घ्या. भत्ते दाखवून मूळ पगार सरकारी किमान वेतनाच्या खाली नेऊ नका. आणि तारीख पाळा. भत्ता लिहिला अन् तीन महिने दिलाच नाही, तर न लिहिलेला बरा.

खाणीवर याहून जास्त मिळत असेल तर? मिळेलही. ताईंनी तेवढी बोली लावू नये असं मी स्पष्ट सांगितलं, त्यापेक्षा दुसऱ्या एकाला आतापासून ट्रॅक्टर शिकवायला घ्या म्हटलं. ड्रायव्हरने आकडे लिहिलेला कागद घरी नेलाय. बायकोशी बोलून सोमवारी सांगतो म्हणालाय.