अनोळखी फुलाचे नाव शोधताय? पैसे कुठे लागतात, कुठे नाही

कुंडीत आपोआप उगवलेले किंवा नर्सरीतून नावाविना आणलेले फुलझाड कोणते, हे कळायला बहुतेक वेळा एक रुपयाही लागत नाही. नीट काढलेले चार-पाच फोटो मात्र लागतात. चुकीच्या नावाने अपाय होण्याची शक्यता असेल, तरच खर्च करा.

फोटो : खर्च शून्य
नुसत्या फुलाचा फोटो पुरत नाही. डबल तगर आणि अनंत पाहा. दोन्हींची फुले पांढरी, भरगच्च. पाने हिरवीगार, तुकतुकीत. पण तगरीचे पान खुडले की पांढरा चीक येतो, अनंताला तो नसतो. म्हणून हे फोटो घ्या :
- फूल समोरून, आणि खालची हिरवी वाटी दिसेल असे बाजूने
- पानाच्या दोन्ही बाजू
- पान फांदीला जुळते ती जागा
- शेंग किंवा फळ असल्यास ते
- पूर्ण झाड

शेजारी मोजपट्टी ठेवा. वास, चीक आणि फूल उमलण्याची वेळ लिहून ठेवा. चिकाचा हात डोळ्यांना लावू नका.

मोफत अ‍ॅप
गूगल लेन्स झटपट अंदाज देते. प्लांटनेट हे फ्रान्समधील संशोधन संस्थांनी उभे केलेले अ‍ॅप. त्यात पान, फूल, फळ यांचे फोटो एकत्र देता येतात. आयनॅचरलिस्टवर जाणकार माणसे नाव तपासतात. तिथे घराचे ठिकाण झाकून ठेवा आणि झाड लावलेले असल्याची खूण करा. मिळालेले नाव 'फ्लॉवर्स ऑफ इंडिया' या संकेतस्थळावरील चित्रांशी ताडून पाहा. दोन ठिकाणी वेगळी नावे आली, तर पान आणि फळ पाहून ठरवा.

सशुल्क अ‍ॅप
'मोफत चाचणी' सुरू करताना वार्षिक रक्कम आणि पैसे कापले जाण्याची तारीख वाचा. अ‍ॅप फोनमधून काढले तरी वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरच्या 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन रद्द करावी लागते. गुलाब किंवा जास्वंदीच्या संकरित वाणाचे नेमके नाव फोटोवरून खात्रीने सांगणे अवघड असते. तेवढ्यासाठी वर्गणी भरू नका.

तज्ज्ञांकडे कधी जावे?
आधी जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात विचारा. औषधी वापर किंवा संशोधनासाठी लेखी प्रमाणपत्र हवे असेल, तर पुण्यातील आघारकर संशोधन संस्था किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र गाठा. शुल्क आणि नमुन्याचे नियम फोनवर आधी विचारा. फुला-पानांसह फांदी वर्तमानपत्रात दाबून सुकवली की नमुना तयार होतो. त्याला वेगळा खर्च नाही.

जिवाशी खेळ नको
अ‍ॅपने सांगितलेल्या नावावर विसंबून कोणतेही फूल, पान, बी खाऊ नका. कण्हेर आणि पिवळी कण्हेर (बिट्टी) बागेत सर्रास दिसतात. दोन्हींचे विष थेट हृदयावर परिणाम करते. मुलाने काही चघळले असेल, तर नाव शोधत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा तडक रुग्णालय गाठा, आणि त्या झाडाची फांदी सोबत न्या.