खाण्याचे विकार: फिजीतल्या मुली काय सांगतात?

खाण्याचे विकार म्हणजे श्रीमंत देशांचं दुखणं, असं तुम्हाला वाटतं का? मग फिजी बेटांचं उदाहरण पाहा. तिथे भरल्या अंगाचं कौतुक असे. कोणी वाळलं तर घरच्यांना काळजी वाटे.

१९९५ मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी आधी एकही नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के झालं. मालिकेतल्या नट्यांसारखं दिसायचंय, असं अनेक मुलींनी सांगितलं.

टीव्ही हे एकमेव कारण नव्हे. पण तुलनेची सवय किती लवकर लागते, ते यातून कळतं. आज तर पडदा तुमच्या हातातच आहे!

लक्षणं ओळखा:
• जेवण सतत टाळणं
• जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाणं
• वारंवार वजन करणं

असा मुलगा किंवा मुलगी बारीक दिसेलच असं नाही. हे नखरे नाहीत, आजार आहे. 'जाडी', 'काडी' म्हणून कुणाला चिडवू नका. मैत्रिणीत ही लक्षणं दिसली तर बाईंना किंवा घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्यायला लावा. ही चुगली नव्हे, मदत आहे.