मोठा मॉनिटर घेतेस? आधी माझं ऐक

अगं, अल्ट्रावाइड मॉनिटर घ्यायचं तू मनावर घेतलंस, हे मला फार बरं वाटलं. दिवसभर कल्याणच्या सीएचं काम घरून करतेस, रात्री जेवणं उरकली की गेम खेळतेस, आणि दोन्ही त्या पंधरा इंची लॅपटॉपवर. मान खाली घालून टॅलीतले आकडे वाचायचे, मग एक्सेल पुढे आणायचं, मग जीएसटीचं पोर्टल, की पुन्हा टॅली. एवढ्या उठाठेवीत एखादा आकडा चुकला तर नवल नाही. तेव्हा 'कशाला एवढा खर्च' असं घरात कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस. ज्याच्यावर पोट चालतं त्या साधनावर केलेला खर्च अंगाला लागतो. शिवाय स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या करमणुकीसाठी चार पैसे घातले, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फक्त निवड घरातून सुरू कर. टेबल केवढं, काम कसलं, गेम कुठले आणि वीज कशी, या चार प्रश्नांची उत्तरं हातात असली की दुकानदार कितीही गोड बोलला तरी तू फसणार नाहीस.

आधी टेबल. ३४ इंची अल्ट्रावाइडचा पडदा साधारण ८० सेंटीमीटर रुंद आणि ३४ सेंटीमीटर उंच असतो. जुनं वर्तमानपत्र घे, दोन पानं चिकटव, या मापाचा तुकडा काप आणि टेबलामागच्या भिंतीला लाव. मग खुर्चीत बस आणि दोन्ही टोकं बघ. टोकं बघायला मान वळवावी लागत असेल तर तू फार जवळ बसली आहेस. डोळ्यापासून पडदा हातभर तरी लांब हवा, ७० सेंटीमीटर असेल तर उत्तम. मॉनिटरचा स्टँडच वीत-सव्वा वीत जागा खातो, म्हणून टेबलाची खोली दोन फुटांपेक्षा कमी असेल तर आधी टेबल बदल. भिंतीवर टांगायचा विचार तर करूच नकोस. आपल्या माजघराची भिंत जुनी, मातीची. सात-आठ किलोचं वजन तिथे खिळ्यावर धरायचं नाही. आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली ठेव. दार समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला असू दे. नाहीतर दुपारभर काचेत अंगण दिसेल आणि एक्सेल दिसणार नाही.

आता माप. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. साधा पडदा १६:९ या प्रमाणात असतो, अल्ट्रावाइड २१:९. हे माप सिनेमाच्या रुंद पडद्यावरून आलं, आणि २०१२ च्या सुमारास २९ इंची मॉनिटर या प्रमाणात बाजारात आले. २९ इंच ऐकायला मोठं वाटतं, पण तो पडदा उंचीला साध्या २४ इंचीपेक्षाही बुटका असतो. तुला खातेवहीच्या ओळी खाली-खाली वाचायच्या असतात, तिथे तो उपयोगाचा नाही. ३४ इंची मात्र उंचीला साध्या २७ इंचीएवढा भरतो, आणि बाजूला एक जादा विंडो मावते ती वेगळीच.

पण '३४ इंच' एवढंच वाचून पैसे देऊ नकोस. त्याखाली बारीक अक्षरात रेझोल्यूशन लिहिलेलं असतं, ते वाच. ३४४० बाय १४४० असेल तर घे. २५६० बाय १०८० असेल तर कितीही स्वस्त असला तरी सोड. दोन्हींची लांबी-रुंदी तीच, पण दुसऱ्यात एका इंचात जेमतेम ८२ ठिपके बसतात, पहिल्यात ११०. इंग्रजी आकडे दोन्हीवर वाचता येतील. आपली अक्षरं मात्र वर रफार, खाली उकार आणि मधे जोडाक्षर अशी असतात. 'कर्तृत्व' किंवा 'मुद्रांक शुल्क' ८२ ठिपक्यांत वाचायला गेलीस तर अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळून जातात. मराठी पत्रं आणि बिलं दिवसभर वाचणाऱ्या माणसाने हा मुद्दा सोडायचाच नाही.

पडद्याच्या जातीही तीन. आयपीएसमध्ये रंग खरे दिसतात आणि बाजूने पाहिलं तरी फिके पडत नाहीत. काळा रंग मात्र थोडा राखाडी वाटतो आणि अंधारात कोपऱ्यांत उजेड जाणवतो. व्हीएमध्ये काळा रंग छान गडद असतो, आणि तो बहुतेक वेळा स्वस्तही पडतो. पण स्वस्तातल्या व्हीएवर काळ्या पार्श्वभूमीवरची यादी भराभर सरकवून बघ: अक्षरांमागे धुरकट शेपूट येते. रात्रीच्या प्रसंगातल्या गेममध्येही तेच होतं. तिसरा ओएलईडी. २०२२ मध्ये डेलच्या एलियनवेअरने ३४ इंची क्यूडी-ओएलईडी अल्ट्रावाइड आणला, तेव्हापासून गेम खेळणारे त्याच्यावर फिदा आहेत, आणि गेमसाठी तो खरंच देखणा आहे. तुझ्यासाठी मात्र मी नको म्हणेन. एक तर टॅलीची तीच चौकट आणि खालची तीच पट्टी रोज आठ तास एका जागी उभी राहणार; अशा पडद्यावर कालांतराने तिचा डाग उमटू शकतो. दुसरं, त्या क्यूडी-ओएलईडीत रंगाचे ठिपके त्रिकोणात मांडलेले असतात, त्यामुळे आडव्या रेघांच्या वर हिरवट आणि खाली गुलाबीसर कड दिसते. इंग्रजीत ती क्वचित खुपते. आपल्या तर प्रत्येक शब्दावर शिरोरेघ! दुकानात असा पडदा दिसला तर त्यावर एखादं मराठी पान उघडून जवळून बघ, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. तेव्हा काम आणि गेम दोन्ही असेल तर आयपीएस धर.

वक्रतेचं फार मनावर घेऊ नकोस. १५०० आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा बाक. आकडा जितका लहान तितका बाक जास्त. आकड्यांच्या कामाला सौम्य बाक बरा, फार वाकलेल्या पडद्यावर एक्सेलच्या सरळ रेघा सुरुवातीला वाकड्या वाटतात.

कामाला हा पडदा कसा उपयोगी पडेल ते सांगते. विंडोज ११ मध्ये विंडोजचं बटण आणि झेड दाबलं की मांडण्या दिसतात. मधल्या अर्ध्या भागात टॅली, डावीकडच्या पाव भागात बिलाची पीडीएफ, उजवीकडे पोर्टल. एकदा मांडलंस की महिनाअखेरीला जीएसटीआर भरताना वर-खाली करायची गरजच उरत नाही. एक काळजी मात्र घे: साहेबांना मीटिंगमध्ये पडदा दाखवायचा असेल तर पूर्ण स्क्रीन शेअर करू नकोस, फक्त ती एक विंडो कर. त्यांच्या साध्या लॅपटॉपवर तुझा अख्खा रुंद पडदा बारीक पट्टीसारखा दिसतो, अक्षरं मुंगीएवढी होतात.

आता गेम. तुझ्या गेमची यादी कागदावर लिही आणि एकेकापुढे २१:९ चालतं का ते बघून खूण कर. फोर्झा होरायझन ५ सारख्या गाड्यांच्या गेममध्ये दोन्ही बाजूंचा रस्ता दिसतो, तिथे या पडद्याचा खरा आनंद. पण व्हॅलोरंट १६:९ मध्येच खेळावा लागतो, बाजूला काळ्या पट्ट्या राहतात. एल्डन रिंगचंही तसंच. प्लेस्टेशन ५ तर २१:९ देतच नाही. तुझा नव्वद टक्के वेळ व्हॅलोरंटवर जात असेल तर ताई म्हणून स्पष्ट सांगते, २७ इंची २५६० बाय १४४० चा साधा आयपीएस घे. पैसे वाचतील, त्यातून चांगली खुर्ची येईल.

ग्राफिक्स कार्डाचाही विचार कर. फुल एचडीमध्ये वीस लाखांच्या आसपास ठिपके असतात, ३४४० बाय १४४० मध्ये जवळजवळ पन्नास लाख. तुझ्या लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ३०५० ला दर क्षणी हे सगळं रंगवायचं आहे. टॅली-एक्सेलला ते काहीच नाही, जुने गेमही चालतील. नव्या गेममध्ये मात्र सेटिंग खाली आणून डीएलएसएस लावावं लागेल. म्हणून १६५ किंवा १८० हर्ट्झचा हव्यास नको. १०० हर्ट्झ आणि ॲडॅप्टिव्ह सिंक असलं की तुझं भागतं.

केबल बघ हं. लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ असेल तर एवढ्या रेझोल्यूशनला ५० हर्ट्झच्या आसपासच मिळतात, २.० असेल तर १०० पर्यंत. डिस्प्लेपोर्ट किंवा चित्र देणारं यूएसबी-सी असेल तर तेच वापर. यूएसबी-सीवरून लॅपटॉप चार्ज करणारा मॉनिटर जमला तर टेबलावर एकच वायर उरते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, वीज. स्वातंत्र्यलढ्यात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने १९४२ मध्ये मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्याच गडाच्या पायथ्याशी, नारिवलीत बसून आज तू विजेवर चालणाऱ्या कामातून घर चालवतेस, याचा मला अभिमान वाटतो. पण वळवाचा पाऊस आला, गडावर ढग उतरले की आपल्याकडे वीज कशी वागते ते तुला माहीत आहे. लॅपटॉपला बॅटरी आहे, मॉनिटरला नाही. रिटर्न भरताना लाइट गेली तर लॅपटॉप चालू आणि समोरचा पडदा काळा, राउटरही बंद. म्हणून मॉनिटरच्या पैशांतूनच ६०० व्हीएचा यूपीएस बाजूला काढ. ३४ इंची पडदा साधारण ४०-५० वॅट खातो. तो आणि राउटर मिळून पंचवीस-तीस मिनिटं निघतील, तेवढ्यात काम सेव्ह होतं आणि मीटिंगही आटोपते. अर्थिंग वायरमनकडून तपासून घे, थ्री-पिनची तिसरी पिन नुसती नावाला नको. आणि गडगडायला लागलं की पॉवरचा प्लग काढ, राउटरला येणारी वायरही काढ. वीज त्या वायरीतूनही घरात शिरते.

घेताना घाई नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या मॉनिटरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. हे तुला मी काय सांगावं, पण कुणी जुन्या किमतीवर 'डिस्काउंट' दाखवायला लागलं तर लक्षात असू दे. कल्याणला किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन एकदा डोळ्यांनी बघ, मग कुठूनही घे. सर्व्हिस घरी येऊन देतात की खोका त्यांच्याकडे न्यावा लागतो, हे आधी लिहून घे. मुरबाडला रेल्वे नाही, खोका एसटीने न्यायचा म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. आणायचाच झाला तर खोका उभा धरून आण, आडवा टाकून त्यावर पिशव्या ठेवू नकोस. उघडताना व्हिडिओ काढ. लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पाच रंग पूर्ण पडद्यावर आणून मेलेले ठिपके शोध, आणि दोष दिसला तर बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत कळव.

तेव्हा माझं मत ठरलेलं आहे: ३४ इंच, ३४४० बाय १४४०, आयपीएस, १०० हर्ट्झ, सौम्य बाक, तीन वर्षांची वॉरंटी. व्हॅलोरंटच खेळायचं असेल तर २७ इंची. दोन्हींत यूपीएस आणि अर्थिंग आधी, मॉनिटर नंतर. बजेट कमी पडत असेल तर दोन महिने थांब, पण यूपीएसचे पैसे मॉनिटरमध्ये घालू नकोस. आणि ऑर्डर करायच्या आधी मॉडेलचं नाव मला पाठव, आपण दोघी मिळून बघू.